गावच्या हायस्कुलाचा महोत्सव आणि आपण पालक : आपापले अनुभव सांगा

धागाकर्ता (पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

आमच्या गावच्या हायस्कुलाला यंदा पन्नास वर्षं होताहेत. शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत सुवर्णमहोत्सवाचा विषय निघाला. पाहुणा कोण आणायचा, मांडव केवढा टाकायचा, स्मरणिकेत कोणाकोणाचे शुभेच्छा संदेश छापायचे, यावर भरपूर बोलणं झालं. पालकांचा उल्लेख एकदाच आला, वर्गणीच्या वेळी. मला ते फार लागलं. कापूस विकून ज्या बापानं सायकल घेऊन दिली, पहाटे उठून ज्या मायनं डबा करून दिला, त्यांचं या सोहळ्यात काय?

म्हणून हा धागा. तुमच्या शाळेची खबर तुमच्यापर्यंत कशी पोचते? गॅदरिंग म्हणा, रौप्य, सुवर्ण की अमृतमहोत्सव म्हणा, तो कोणत्या दिवसांत, कोणत्या वेळी ठेवला होता? मांडव निघाल्यावर मागं काय उरलं? शाळेचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, तालुका मात्र लिहा. दर्यापूरची खारपाणपट्टी आणि देसाईगंजची धानाची बांधी यांचा हंगाम वेगळा, म्हणून तिथल्या पालकांची सवडही वेगळी.

एक आई, दर्यापूर तालुका

दादा, वेळेचं विचारलं ते बरं केलं. आमच्या शाळेचं गॅदरिंग दरसाल डिसेंबरात, सकाळी अकरा वाजता असायचं. डिसेंबरात आम्ही सगळ्या बाया कपाशीच्या वेचणीला. वेचणीची मजुरी किलोवर. अर्धा दिवस शाळेत गेला तर तेवढा कापूस दुसरीच्या ओट्यात जातो, आणि शेतमालकही दुसऱ्या दिवशी बोलवायचं की नाही याचा विचार करतो. मोठ्या मुलीचा नाच मी तिच्या मैत्रिणीच्या मोबाईलवर पाहिला, तोही अर्धाच. पोरगी काही बोलली नाही, पण दोन दिवस ती गप्प होती.

मग आठवीला नवीन वर्गशिक्षिका आल्या. त्या आमच्या बचत गटाच्या बैठकीला येऊन बसल्या आणि सरळ विचारलं, "तुम्हाला कधी जमेल?" शाळेनं आम्हाला असं विचारल्याचं माझ्या तरी पाहण्यात नव्हतं. आम्ही सांगितलं, सांजच्याला सहानंतर. त्या वर्षी कार्यक्रम सहाला ठेवला. वेचणीवरून आलो, हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि निघालो. पुढच्या सगळ्या सतरंज्या बायांनी भरल्या होत्या. माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या शाळेच्या फाटकातून आत गेल्या.

खबरीचंही सांगते. आधी डायरीत सूचना लिहून यायची. मला वाचता येतं, पण आमच्या वस्तीत किती जणींना येत नाही. मग पोरगं सांगेल तेवढंच कळायचं, आणि न सांगण्यासारखं असलं की ते सांगायचंच नाही. आता बाई मोबाईलच्या गटावर बोलून पाठवतात, आपल्या वऱ्हाडीत: "ताई, उद्या सांजच्याले सहा वाजता शाळेत येजा बरं, पोरींचा कार्यक्रम हाये." मोबाईल चुलीपाशी ठेवला की सगळं घर ऐकतं.

निवृत्त शिक्षक, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

संदेश आणि फोटो यांनी स्मरणिका भरते आणि नंतर माळ्यावर जाते. आम्ही दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पहिल्या पानापासून विद्यार्थ्यांची नावं, वडिलांचा व्यवसाय, कुठल्या गावाहून आला, कोणत्या वर्षी शाळा सोडली, हे सगळं वहीत उतरवायला नववी-दहावीची मुलं दुपारच्या सुटीत बसायची. कागद इतका ठिसूळ झालेला की पान उलटायचं काम मी कोणाकडे सोपवलं नाही. व्यवसायाच्या रकान्यात ओळीनं शेती, मजुरी, शेती, सुतारकी, मजुरी. जन्मतारखेच्या रकान्यात जिकडे पाहावं तिकडे १ जुलै. आपल्याकडं पूर्वी शाळा जुलैच्या सुमारास सुरू व्हायची, आईला तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच टाकायचे. मुलांना हे पाहून नवल वाटलं. एका मुलीला तिच्या आजोबांचं नाव सापडलं, सातवीतून शाळा सोडल्याची नोंद आणि कारणाच्या रकान्यात ‘घरची अडचण’. ती मुलगी त्या दिवशी घरी जाऊन आजोबांशी बोलत बसली. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः शाळेत आले, ती ओळ त्यांनी पाहिली, बराच वेळ पाहिली.

आम्ही ती यादी गावागावानुसार छापली. शाळेत न आलेली माणसंसुद्धा आपल्या गावाचं पान पाहायला आली. जात पडताळणीसाठी बापाच्या, आजाच्या शाळेतल्या नोंदी लागतात. त्या कुठल्या सालच्या पानावर आहेत, हे या यादीमुळं कित्येक घरांना कळलं. वहीचे फोटो काढून ते संगणकावर आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत. जुन्या शाळांनी हे काम महोत्सवाची वाट न पाहता करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाळवीला सुवर्णमहोत्सव कळत नाही.

पालक, वाशीम जिल्हा

आमच्या पोरी मानव विकासच्या, म्हणजे सरकारी योजनेतून शाळकरी मुलींसाठी सुटणाऱ्या निळ्या एसटी बसनं येतात-जातात. संध्याकाळचा कार्यक्रम लांबला की बस निघून जाते. बक्षीस वाटप शेवटी ठेवतात, म्हणून लांबच्या पोरी आपलं नाव पुकारायच्या आत उठून जातात. माझी मुलगी तालुक्याला चित्रकलेत पहिली आली, तिचं प्रमाणपत्र तिच्या मैत्रिणीनं घेतलं. बक्षीस आधी द्या, भाषणं मागून होऊ द्या.

धागाकर्ता

भाऊ, हे आजच नोंदवलं. बाहेरगावच्या मुलामुलींची बक्षिसं सुरुवातीलाच. शिवाय त्या दिवशीची शेवटची फेरी उशिरा सोडावी म्हणून आगार व्यवस्थापकांना शाळेच्या लेटरहेडवर पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा. सोबत कोणत्या गावाच्या किती मुली, ही यादी. नुसतं फोनवर बोलून हे होत नाही.

माजी विद्यार्थी, देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली (सध्या पुण्याला)

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, वेळेचा हा प्रश्नच येत नाही, कारण आमचं गॅदरिंग रात्रीच. धान चुरून घरात आलं की मंडई (गावची जत्रा) आणि नाटकांचे दिवस. शाळेच्या कार्यक्रमाला माणसं चटई, घोंगडी, लहान लेकरं घेऊन जेवून येतात ती पहाटेच घरी जातात. रौप्यमहोत्सवाच्या वर्षी आम्ही दहावीत होतो. तेव्हा मुख्याध्यापकांनी ठरवलं की मुलांचं नाटक गावातली नाटक मंडळीच बसवेल. मंडळीतले कलावंत म्हणजे आमच्यापैकी कोणाचे बाप, कोणाचे काका. दिवसा बांधीत राबणारी माणसं. रात्री शाळेच्या खोलीत ती आम्हाला आवाज कसा फेकायचा, पडद्यामागून एंट्री कशी घ्यायची, ऑर्गनच्या सुरावर पद कसं उचलायचं, ते शिकवत. शाळेत माझे वडील तोवर फी भरायला आणि सही करायलाच आले होते. त्या महिनाभर सर त्यांना ‘गुरुजी’ म्हणत होते. वडिलांची चालण्याची ढबच बदलली होती.

२०२३ मध्ये गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ती बातमी मी वडिलांना फोनवर वाचून दाखवली. त्यावर ते म्हणाले, "आता तरी शाळेत नाटक बसवतेत का नाही, इचार."

पालकांना मंचावर शाल देऊन खाली पाठवण्यापेक्षा त्यांना जे येतं ते मुलांना शिकवू द्या. भजनी मंडळ असेल, खंजिरी असेल, दंडारीसारखं लोकनाट्य असेल.

संत्रा बागायतदार, वरुड तालुका

वर्गणीविषयी मी बोलतो, कारण हे कोणी उघड बोलत नाही. आमच्या भागातल्या एका शाळेचा महोत्सव आंबिया बहराची संत्री तुटल्यावर होता. लोकांच्या हाती पैसा होता, सगळ्यांनी मोकळ्या मनानं दिला. कार्यक्रमात देणगीदारांची नावं वाचण्यात एवढा वेळ गेला की नाचाचे पातळ कपडे घातलेली लहान पोरं थंडीत कुडकुडत बसली. हिशेब मात्र पुढं कधी दिसला नाही. मागायला गेलो तर "तुमचा विश्वास नाही का?" हा प्रश्न. विश्वास होता म्हणूनच तर पैसे दिले होते.

माझ्या साल्याच्या गावी, चांदूर बाजारकडं, याच्या उलट पाहिलं. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी शाळेच्या फाटकावर फलक लागला: जमा किती, मांडवाला किती, माईकला किती, रोडगे-वरण-वांग्याच्या भाजीच्या पंगतीला किती, शिल्लक किती. खाली दोन पालकांच्या सह्या, त्यातली एक मजुरी करणाऱ्या बाईची. शिल्लक पैशातून प्रयोगशाळेचं कपाट घेतलं, त्यावर कोणाचंही नाव टाकलं नाही. तिथं पुढच्या वेळी वर्गणी मागायला कोणाला दारोदार हिंडावं लागणार नाही.

पालक, चंद्रपूर जिल्हा

छोटीच गोष्ट. दर जूनमध्ये टीव्हीवर ‘सोमवारपासून शाळा सुरू’ असं येतं आणि आमच्या गटावर गोंधळ उडतो. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्याच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात, हे नवीन पालकांना ठाऊक नसतं. आमचे मुख्याध्यापक आता उन्हाळ्याच्या सुटीआधी निकालपत्रकावरच उघडण्याची तारीख शिक्क्यानं टाकून देतात. गावाबाहेर कामाला जाणाऱ्या कुटुंबांना त्याचा फार आधार होतो.

माध्यमिक शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

शाळेची सगळ्यात महत्त्वाची बातमी महोत्सवाची नसते, हे मला इथं सांगायचं आहे. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी, वर्षाला १२ हजार रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. खबर उशिरा पोचली की दाखला वेळेत निघत नाही, आणि हुशार पोर केवळ कागदापायी मागं राहतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असं झालं, तिच्या वडिलांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते बांधकामावर होते, शाळेच्या पालकसभेला येऊ शकले नव्हते.

त्यानंतर मी पाहिलं की गावातले बाप शाळेत कधी येतात. पालकसभेला येत नाहीत, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला मात्र येतात. पांढरा सदरा घालून, लेकराचं बोट धरून. तेव्हापासून झेंडावंदन झालं की मी पाचच मिनिटं माईक मागून घेते. कोणती परीक्षा, कोणता दाखला, कोणाकडं जायचं, एवढंच बोलते. चॉकलेट वाटपाच्या टेबलावर त्याची चिठ्ठी ठेवते. शाळेचा वाढदिवस याच काळात येत असेल तर तेव्हाही हेच करा. गर्दी जमलेलीच असते.

मूर्तिजापूर तालुका (आजी सांगते, नातू लिहितो)

आजी बोलली तसंच लिहितो आहे.

"मी त्या शायेत खिचडी रांधली. पहिले चुलीवर, मंग गॅस आला. पावसायात काड्या ओल्या राहत, धुरानं डोये लाल होत. पन्नास वर्साचा कार्यक्रम होता तं मले वाटलं, आपल्याले रांधाले बलावलं. मी विळी घेऊनच निंगाली होती. तं हेडमास्तर म्हणे, मावशी, आज तुमी वर बसा. मी म्हटलं, काऊन बाप्पा, माह्यं काय काम वर? मंग ते मोठे झालेले पोट्टे एकेक करून आले, पाया पडले. एक जण पोलिसात आहे, तो म्हणे, मावशी, कढईच्या बुडाची खरवड तुमी मले देत होत्या, घरी तवा कोरडा राहे. मले तं त्याचं तोंडही आठोत नव्हतं. लेकरू उपाशी दिसलं का वाढून द्या, एवढंच मले माहीत."

त्या दिवशी पंगतीत आजीला सगळ्यांत आधी वाढलं. तिथंही ती दोनदा उठून भाजी पुरते का पाहून आली.

शिक्षक, अमरावती जिल्हा

तारखेचं सुचवतो. २० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी वलगावजवळ, पेढी नदीपाशी बाबा गेले. २७ डिसेंबर भाऊसाहेब डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती, १८९८ मध्ये पापळला ते जन्मले. आपल्याकडं खेड्यापाड्यात हायस्कूल पोचलं त्यामागं त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं मोठं काम आहे. आमच्या शाळेनं वर्धापनदिनाचे कार्यक्रम याच आठवड्यात बांधले. २० तारखेला पालक घरचे खराटे घेऊन येतात, शाळा आणि शाळेपासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता झाडतात. सरपंच, मास्तर, मजूर एका रांगेत. मांडवात खुर्च्यांच्या ज्या ओळी पडतात, त्या खराटा हाती असताना पडत नाहीत. मग २७ ला संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम.

धागाकर्ता

कालच्या बैठकीत दर्यापूरच्या ताईंचा आणि मूर्तिजापूरच्या आजींचा अनुभव मी वाचून दाखवला. तारीख अजून पक्की नाही, पण कार्यक्रम संध्याकाळी हे ठरलं आणि नेमकी वेळ ठरवायला दोन शिक्षिका बचत गटांच्या बैठकांना जाणार आहेत. दाखल-खारीज रजिस्टरचं काम दिवाळीच्या सुटीत सुरू होईल. मेहकरचे सर, त्या यादीचे रकाने तुम्ही कसे आखले होते, त्याचा एक फोटो टाकाल का?

निवृत्त शिक्षक, मेहकर तालुका

आज संध्याकाळी टाकतो. एक रकाना जास्तीचा ठेवा, आईच्या नावाचा. जुन्या रजिस्टरात तो नव्हता. आम्ही मुलांना घरोघरी पाठवून ती नावं विचारून आणली, आणि त्या निमित्तानं कित्येक म्हाताऱ्यांनी आपल्या आईचं नाव पुष्कळ वर्षांनी तोंडानं उच्चारलं. काही नावं मिळाली नाहीत. ते रकाने आम्ही मोकळेच छापले, कोणाला आठवलं तर पेनानं लिहिता यावं म्हणून.