‘बोनापार्ट्स रिट्रीट’ची अस्सल चाल कुठली? आणि जाड तार किती उतरवायची?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. सहा वर्षं व्हायोलिन शिकतोय, सगळं आपल्या पद्धतीनं, मांडी घालून. पुण्याहून भाची सुट्टीला आली आहे. तिच्या वाद्यवृंदात ॲरन कोपलँड या अमेरिकन संगीतकाराचं ‘होडाउन’ बसवतायत. ती वाजवायला लागली आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे लेझमाचं काय गं वाजवतीस?” तेव्हापासून मला चैन नाही. ती चाल म्हणजे ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ नावाची जुनी अमेरिकन फिडलची (लोकसंगीतात वाजवतात त्या व्हायोलिनची) धून, एवढं सापडलं. मग दहाएक वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकली. कुणी पायी मिरवणुकीसारखी संथ वाजवतंय, कुणी घोडा उधळल्यासारखी. काहींच्यात खालून एक सूर सारखा घुमत राहतो, काहींच्यात तो नाहीच.

यातली अस्सल कुठली? नेपोलियनचा तिकडच्या डोंगरातल्या फिडलवाल्यांशी काय संबंध? आणि तो घुमणारा सूर माझ्या व्हायोलिनवर कसा काढू?

पंचगंगाकाठ

नेपोलियनपुरतं सांगतो. त्याच्या नावाच्या चाली इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमध्ये ढिगानं होत्या. असल्या चाली तिकडून गेलेल्या लोकांबरोबर समुद्रापार पोचल्या. ‘बोनापार्ट क्रॉसिंग द ऱ्हाइन’ ही वेगळी चाल आहे, तिच्यात गल्लत करू नको. आयर्लंडमध्ये तर ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ याच नावाचा एक नाच आहे, त्याचीही चाल निराळी. नाव बघून शोधलंस तर भलतीकडेच जाशील भावा. कानानं शोध.

खर्जातला (राजारामपुरी)

पोरा, ‘अस्सल कुठली’ हा प्रश्न मी बंदिशींबद्दल चाळीस वर्षं ऐकतोय. एकाच बंदिशीचे दोन घराण्यांत दोन पाठ असतात आणि दोन्हीकडचे लोक छातीवर हात ठेवून सांगतात की आमच्या गुरूंनी असंच शिकवलं. दोघंही खरं बोलत असतात.

या चालीचं तसंच झालं. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या ए. ए. ग्रेनं १९२४ साली ती तबकडीवर वाजवली. बहुतेक जुने वादक ती संथ, कूच केल्यासारखी वाजवायचे. मग १९३७ साली ॲलन लोमॅक्स अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करत केंटकीत फिरत होता. सॅलियर्सव्हिल गावी त्याला विल्यम हॅमिल्टन स्टेप भेटला. स्टेपनं तीच संथ चाल उचलून थेट नाचाच्या लयीत टाकली. तुझ्या आईला लेझीम आठवली ती या माणसाच्या गजामुळे.

पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतकार बाईंनी स्टेपची तबकडी ऐकून तिचं स्वरलेखन केलं. ते १९४१ साली लोमॅक्स पितापुत्रांच्या लोकगीतसंग्रहात छापून आलं. कोपलँडनं तिथून ती चाल उचलली आणि १९४२च्या ‘रोडिओ’ या बॅलेत जवळजवळ जशीच्या तशी घातली. ‘होडाउन’ हा त्या बॅलेचाच शेवटचा भाग. त्यात ‘मॅक्लाउड्स रील’ ही दुसरी चालही थोडी डोकावते, भाचीला शोधायला सांग. म्हणजे तुमच्या घरात वाजलं ते केंटकीतल्या एका माणसाचं, एका दिवशीचं वाजवणं. भातखंड्यांनी उस्तादांच्या चिजा लिहून घेतल्या म्हणून त्या टिकल्या, पण लिहिलेला पाठ पुढे तोच एक खरा वाटायला लागतो. इथेही तेच झालं. म्हणून संथ वाजवणाऱ्यांना चुकीचं म्हणू नकोस. जुनी वाट त्यांच्याकडे आहे.

१९५०च्या सुमारास पी वी किंगनं तिच्यावर शब्द बसवले आणि के स्टार या गायिकेनं ते गाणं गाजवलं. ते ऐकून सोड.

आता तार. भाचीच्या व्हायोलिनच्या तारा जाडीकडून बारकीकडे, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन अशा लावलेल्या असतील. स्टेपनं दोन्ही टोकांच्या तारा उतरवून पांढरी दोनवर आणल्या होत्या. आता पांढरी दोनला सा मानून म्हणून बघ: सा, सा, प, सा. तानपुरा झाला की नाही! मी पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा कोपऱ्यातला मिरजेचा तानपुरा काढून शेजारी छेडला आणि बराच वेळ काही वाजवूच शकलो नाही. तिकडचे लोक म्हणतात की हा घुमारा बॅगपाइपची नक्कल आहे. आपल्याकडे सनईच्या मागे एक जण नुसता सूर धरून बसतो, तसा.

तू प सा प सा लावत असशील, तर तुला एकच जाड तार उतरवायची आहे, मंद्र पंचमावरून खर्जाच्या सा वर.

शिवाजीपेठकर

काका, काल रात्री लावून बघितली. पांढरी दोनला सा घेतला. जाड तार पार लोंबल्यागत झाली आणि गज टेकवला की नुसती फडफडते. पण एकदा, अगदी एकदाच, नीट लागली तेव्हा छातीशी लाकूड थरथरलं. अंगावर काटा आला. हे रोज मिळावं म्हणून काय करू?

खर्जातला (राजारामपुरी)

गजाचा भार कमी कर आणि घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) थोडा जवळ वाजव. वेग स्टेपचा नको, निम्म्यानं धर. शेजारच्या दोन्ही सा एकाच वेळी वाजल्या पाहिजेत. आणि एक ध्यानात ठेव, जाड तार एवढी उतरवली की घोडीवरचा ताण बदलतो आणि बाकीच्या तारा थोड्या चढतात. त्यामुळे एकदा लावून भागत नाही, दोन-तीनदा फिरून लावायची. खुंट्या घसरत असतील तर थोडा खडू लाव.

शिवाजीपेठकर

लावतो. भाची परवा सकाळच्या गाडीनं पुण्याला निघतीय. उद्या संध्याकाळी ती वरची चाल वाजवणार आणि मी खाली खर्ज धरणार, असं ठरलंय. आईनं आत्तापासून लेझीम काढून ठेवलीय.