'उंबरठा' रडका आणि 'बाईपण' खरा स्त्रीवादी? अजिबात पटलेलं नाही

अबोली:
परवा एका पोस्टमध्ये वाचलं, "बायकांना 'उंबरठा'सारखे रडके सिनेमे नकोत. 'बाईपण भारी देवा' खरा स्त्रीवादी, कारण त्यात बाई घर मोडत नाही." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

'उंबरठा'ची नायिका सुलभा महाजन रडत कुठे बसते? महिलाश्रमाची अधीक्षक होऊन ती तिथल्या कारभाराशी भांडते, मग राजीनामा देऊन घरी येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. ती पुन्हा निघते. यात घर मोडलं कुणी?

तो सिनेमा १९८२ चा. त्याच सुमारास माझ्या आईला बी.एड. करायचं होतं. "पोरीला कोण बघणार?" एवढ्या एका वाक्यावर विषय संपला. ती पोर मी. अजूनही कुणाची बी.एड.ची पदवी दिसली की आई ती हातात घेऊन बघते. २०२३ च्या 'बाईपण'मधल्या सहा बहिणींची दुखणी खरी आहेत, मान्य. पण त्यावर उतारा काय, तर मंगळागौरीची स्पर्धा! दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कुणी करायचा?

सदाफुली:
तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. पण माझीही आई ऐका. वय ६८, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. भिशीतल्या चौदा जणी नऊवारी नेसून थेटरात गेल्या. आमचे बाबा गेल्यापासून तिला इतकं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं. सुलभाला घर सोडून नोकरीवर जाता आलं, कारण ती शिकलेली होती आणि तिच्या मुलीला सांभाळायला घरात माणसं होती. माझ्या आईनं उंबरठा ओलांडून जायचं कुठे? तिच्या दोन तासांच्या आनंदाला 'उतारा' म्हणून हिणवू नका.

माणदेशी:
दोघींनीही मंगळागौर सगळ्या बायकांची धरून टाकली. आमच्या आजीला हा शब्द माहीत नव्हता. तिच्याकडे जातं होतं आणि पहाटेच्या ओव्या होत्या. आमच्याकडची बाई बघायची तर दलित लेखिका बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' हे आत्मचरित्र वाचा. फलटणमध्ये दुकानात बसून लिहिलं आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून कागद वर्षानुवर्षं लपवून ठेवले. त्यावर सिनेमा का निघत नाही, यावर बोला.

देवगडचा:
प्रत्येक धाग्यात जात आलीच पाहिजे का? झिम्मा-फुगडी आमच्या वाडीत सगळ्याच बायका खेळतात.

माणदेशी:
फुगडी सगळ्यांची, पूजा कुणाची ते सांगा. आणि पूजेला पाटावर कोण बसतं तेही.

खिडकीतली चिमणी:
मी फक्त वाचत होते, पण 'पाटावर कोण बसतं' वाचून राहवलं नाही. माझी काकू एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. माझ्या मंगळागौरीला पुरणपोळ्या तिनं लाटल्या, सगळे खेळ तिनंच शिकवले. पूजेच्या वेळी ती स्वयंपाकघरात. "सवाष्णीच लागतात," एवढंच कुणीतरी म्हणालं आणि मीही गप्प बसले. याला आता एकवीस वर्षं होतील.

देवगडचा:
हे जुनं झालं हो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्येच विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही निघालं.

सदाफुली:
जुनं? गेल्या संक्रांतीला आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला आईला बोलावणंच नव्हतं. वाण मात्र घरी पाठवलं, तेही कामवालीच्या हातून! ठराव कागदावर असतो, बोलावणं माणसं करतात.

देवगडचा:
सगळ्या सोसायट्या तशा नसतात. माझ्या बायकोनं यंदा तिघींना मुद्दाम बोलावलं.

माणदेशी:
कुंकू लावलं का त्यांना?

देवगडचा:
तीळगूळ दिला, ओटी भरली. कुंकवाचं विचारलं नाही. नाही, लावलं नाही. तुमचा मुद्दा कळला, एवढ्यावर सोडा.

अबोली:
सदाफुली, 'उतारा' हा शब्द मी मागे घेते. सिनेमाबद्दलचं मत नाही. तुमची आई थेटरात हसली ती चौदा जणींमुळे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण बघा ना, त्याच आईला संक्रांतीला बोलावणं नाही, आणि मूळ पोस्टवाला म्हणतो की घर न मोडणारा सिनेमा हाच खरा स्त्रीवादी.

सदाफुली:
मूळ पोस्टशी मी सहमत आहे असं मी कुठे म्हटलं? मला फक्त आईची बाजू मांडायची होती.

खिडकीतली चिमणी:
काकूला आत्ताच फोन केला. मुलीच्या मंगळागौरीला पूजेला माझ्याशेजारी बस म्हटलं. "लोक काय म्हणतील" म्हणाली. मग बऱ्याच वेळानं विचारलं, "पाट कुठला देशील?"