लेबर रूमची ड्यूटी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर नऊ वर्षं नोकरी, त्यातली सहा लेबर रूममध्ये. सध्या तालुक्याच्या रुग्णालयात आहे. माता-आरोग्यात पुढे शिकायचंय, पण मुलगी पहिलीत आहे, शहरात जाऊन राहणं जमणार नाही.

इग्नूचा माता व बालआरोग्याचा पदव्युत्तर डिप्लोमा पाहिला, तर तो एमबीबीएस डॉक्टरांसाठी. ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा नर्सेससाठीचा बाळंतपणाचा कोर्स मनापासून आवडला, पण १८ महिने, पूर्णवेळ!

बाळंतपण पडद्यावर शिकता येत नाही हे मलाही कळतं, टाके हातालाच शिकवावे लागतात. मला हवंय ते वेगळं. ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की पीपीएच (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव), हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण मोजतं कोण? भिजलेली कापडं बघून अंदाज बांधायचा, झालं. २०२३च्या ई-मोटिव्ह अभ्यासात बाईच्या खाली मोजमापाच्या खुणा असलेली पिशवी लावून रक्त मोजलं होतं. असे अभ्यास नीट वाचायचे कसे आणि आपल्या वॉर्डात उतरवायचे कसे, हे शिकायचंय.

परदेशी विद्यापीठाचं असं ऑनलाइन मास्टर्स नोकरी करत कुणी केलंय का? इथे बढतीला ते धरलं का? आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मागितली का? नाइटनंतर लेक्चर ऐकताना डोळे उघडे कसे ठेवलेत, तेही सांगा. एजंटांनी कृपया मेसेज करू नयेत, आधीच चौघांचे फोन येऊन गेलेत.