कथेचा मधला भाग पसरट होतो

प्रश्न: माझ्या दीर्घकथेची सुरुवात आणि शेवट पक्के आहेत, मात्र मधली पाने रेंगाळतात. पाच टप्प्यांचा (प्रारंभ, चढता संघर्ष, उत्कर्षबिंदू, उतार, शेवट) आराखडा वापरावा का?

उत्तर १: जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग यांनी १८६३ साली तो आराखडा नाटकाच्या संदर्भात मांडला होता, त्यामुळे तो कथेवर जसाच्या तसा लादू नये. मी पहिल्या खर्ड्यानंतर एकेक प्रसंग कार्डावर लिहून जमिनीवर मांडते, आणि दोन कार्डांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ न बसता नुसते ‘नंतर’ बसत असेल, तर त्यांतले दुसरे कार्ड उचलून बाजूला काढते.

उत्तर २: सगळेच ‘नंतर’ उचलू नका, ललित अंगाच्या कथेला थोडी रेंगाळ शोभते.

प्रश्नकर्ता: कार्डे मांडली. लग्नघराच्या वर्णनात सलग सहा ‘नंतर’ सापडले. त्यांपैकी आजीच्या पानदानाचे तेवढे ठेवतो.