शब्दचर्चा : तह, शस्त्रसंधी की युद्धतहकुबी?

प्रश्न : दोन सत्तांचे आपसात युद्ध चालू आहे. तिसरा प्रबळ शत्रू दोघांच्याही मुळावर उठतो, म्हणून ते आपले भांडण तेवढ्यापुरते बाजूला ठेवतात. याला मराठीत नेमका शब्द कोणता? 'तात्पुरता तह' चालेल का?

– अर्थ पोहोचेल, पण तह म्हटला की कलमे आली. प्रदेश, खंडणी, किल्ले, ओलीस, काहीतरी देणेघेणे ठरते. पुरंदरचा तह (१६६५) म्हणताच २३ किल्ले आठवतात ते उगीच नाही. नुसती लढाई थांबली असेल तर 'युद्धविराम' किंवा 'शस्त्रसंधी'. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, तह झालाच नाही.

– 'युद्धबंदी' जपून वापरा. आपल्याकडे दारूबंदीच्या चालीवर तिचा अर्थ युद्ध थांबणे. हिंदीत युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिक, आपला युद्धकैदी. हिंदी बातमी समोर ठेवून घाईत मराठी केले की 'युद्धबंदींची सुटका' होते.
शस्त्रसंधीच्या लिंगाचाही घोळ आहे. करार या अर्थाचा संधी पुल्लिंगी, मोका या अर्थाची संधी स्त्रीलिंगी. छापून दोन्ही येते. एका लेखात एकच ठेवा म्हणजे झाले.

– या सगळ्या शब्दांत तो तिसरा शत्रू आहे कुठे? कौटिल्याच्या षाड्गुण्यात, म्हणजे परराज्याशी वागण्याच्या सहा धोरणांत, याच्या जवळ जाणारी संज्ञा आहे : द्वैधीभाव, म्हणजे एकाशी संधी आणि दुसऱ्याशी विग्रह (युद्ध). पण आजचा वाचक तो शब्द 'मनाची दुविधा' असाच वाचणार. राज्यशास्त्राच्या पुस्तकाबाहेर नको.

– मी 'युद्धतहकुबी' सुचवेन. शब्द जुन्या वळणाचा आहे, पण इथे चपखल बसतो. सभा तहकूब होते ती पुन्हा भरण्यासाठी. वैर मिटलेले नाही, पुढे ढकलले आहे, हे त्यात आपोआप येते. शस्त्रसंधीत ते येत नाही.
तालिकोटची लढाई घ्या. अहमदनगरचा हुसेन निजामशाह आणि विजापूरचा अली आदिलशाह यांचे सोलापूरवरून वैर. अलीने आधी विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन अहमदनगरवर स्वारीही केली होती. पुढे रामराय डोईजड झाला, तेव्हा हुसेनची मुलगी चांदबिबी अलीला दिली, सोलापूर आंदणात गेले, आणि जानेवारी १५६५ मध्ये दोघे गोवळकोंडा व बिदरला बरोबर घेऊन रामरायावर चालून गेले. इथे एका शब्दात भागत नाही. सोलापूर दिले तो तह, चांदबिबी दिली ती सोयरीक, फौजा एकत्र आल्या ती युती. वाक्य असे करता येईल : 'रामरायाविरुद्ध दोघांनी आपसातला दावा तहकूब ठेवून हातमिळवणी केली.' विजयनगर पडल्यावर दोघांत पुन्हा खटके उडालेच.

– म्हणजे तहकुबी आणि हातमिळवणी या दोन वेगळ्या क्रिया झाल्या. बरोबरच आहे. एकमेकांवरचा मारा थांबवूनही दोघे तिसऱ्याशी आपापले लढू शकतात. चीनमध्ये डिसेंबर १९३६ ला शिआन येथे राष्ट्रवादी नेता च्यांग काय-शेकला त्याच्याच सेनापतीने अडकवले, त्यातून १९३७ साली जपानविरुद्ध राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट एकत्र आले. त्याला 'संयुक्त आघाडी' हा रूढ शब्द आहे. कम्युनिस्टांची लाल सेना कागदोपत्री राष्ट्रीय सैन्यात आठवी मार्ग सेना म्हणून दाखल झाली, हुकूम मात्र पक्षाचाच चालला. जानेवारी १९४१ मध्ये तर राष्ट्रवादी फौजांनी कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवरच हल्ला केला. आघाडी नावाला टिकली, तहकुबी मोडली. दोन शब्द हाताशी नसतील तर हे लिहिता येत नाही.

– 'वयं पंचाधिकं शतम्' कसे वाटते?

– ते भाऊबंदकीपुरते. कौरव-पांडव एका घरचे, परक्यापुढे एकशे पाच. आदिलशाह-निजामशाहांना लावले तर ओढूनताणून वाटेल. 'दिलजमाई' तर नकोच, दिले जमलेलीच नसतात. 'सलूख' जुन्या पत्रव्यवहारात शोभतो; आज तो 'सलोखा' म्हणून वाचला जाईल आणि भलताच गोडवा येईल.

– मूळ प्रश्नापुरते : युद्धतहकुबी घेतलीत तर मागे 'तात्पुरती' लावू नका, ते तिच्यात आहेच. शस्त्रसंधी किंवा तह घेतलात तर मात्र लावावेच लागेल, आणि 'अमक्याविरुद्ध' हे वेगळे सांगणे तिन्हींबरोबर आलेच.