चर्चा: 28 घरांच्या इमारतीचा भार काढताना सरसकट 0.4 धरायचा का?

बसबार: पुण्यातल्या 28 टूबीएचकेंच्या इमारतीचा हिशोब. एका घरात दीड टनाचे दोन एसी 3.2 किलोवॉट, दोन गीझर 4, इंडक्शन 2, वॉशिंग मशीन 0.5, फ्रिज-दिवे-पंखे-टीव्ही 1. एकूण 10.7, म्हणजे 28 घरांचे 300 किलोवॉट. 0.4 डायव्हर्सिटी (सगळी उपकरणं एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून भाराचा तेवढाच भाग धरणं) लावली की 120. साडेसात एचपीच्या दोन लिफ्ट, 5 एचपीचा पंप, जिन्याचे दिवे मिळून 18. बेरीज 138, 0.9 पॉवर फॅक्टरने भागून 153 केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता यातच मोजतात). 200 चा ट्रान्सफॉर्मर पुरतो. इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग उरलेल्यात बसेल, वेगळा हिशोब नको.

तीनफेज: वेगळा हिशोब हवाच! गीझर वीस मिनिटांत कटऑफ होतो, इंडक्शन अर्ध्या तासात बंद होतं, म्हणून 0.4 चालतो. चार्जर तासन् तास पूर्ण करंट ओढतो. घरटी 3.3 किलोवॉटचा एक चार्जर: 28 × 3.3 = 92 किलोवॉट, त्याला 0.8 च्या खाली जाऊ नका. 138 मध्ये हे 74 मिळवा: 212 किलोवॉट, 235 केव्हीए. 200 चा पुरत नाही.

वेळापत्रक: तुमची बेरीजही चुकतेय. डिसेंबरातल्या सकाळचे गीझर आणि मे महिन्यातल्या रात्रीचे एसी एकत्र कसे?
डिसेंबर, सकाळी 7: गीझर 112 चे निम्मे 56, इंडक्शन 22, घरातलं बाकीचं 17, लिफ्ट-पंप 15. एकूण 110.
मे, रात्री 11: एसी 90 चे साठ टक्के 54, बाकीचं 17, सामायिक 10, चार्जर 74. एकूण 155, म्हणजे 172 केव्हीए. बसतं, पण काठोकाठ. रोजच्या 40 किलोमीटरला साधारण 6 युनिट लागतात, दोन तासांचं काम. लोड मॅनेजमेंटने (एकूण भार पाहून चार्जरचा करंट कमी करणाऱ्या कंट्रोलरने) चार्जर 40 किलोवॉटवर रोखले की 134 केव्हीए.

तीनफेज: ते फक्त सगळे चार्जर एकाच पॅनलवर असतील आणि मुख्य इनकमरवर (इमारतीत वीज येते त्या मुख्य स्विचवर) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, बसवली असेल तर. प्रत्येकाने आपापल्या मीटरवरून पार्किंगमध्ये 16 अँपिअरचा सॉकेट ओढला, तर कंट्रोलर रोखणार कुणाला?

न्यूट्रल: सगळे तिन्ही फेज समान धरून बोलताय. 155 किलोवॉटला फेजमागे 240 अँपिअर येतात. पण वायरमनने जवळच्या आर फेजवरच 12 चार्जर टाकले, तर त्यांचेच 172 होतात, एसी अजून बाकी. फेजमधल्या फरकाचा करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) जातो, आणि साडेतीन कोर 185 चौरस मिमी केबलचा न्यूट्रल 95 चाच असतो. पॅनलमधल्या तांब्याच्या बसबारवर (जोडपट्टीवर) ॲल्युमिनियमचा लग (केबलच्या टोकाचा जोड) बायमेटल, म्हणजे दोन धातूंच्या, वॉशरशिवाय आवळला की सांधा तापतो, सैल होतो, काळा पडतो. न्यूट्रल तुटला तर कमी भाराच्या फेजवरच्या घरांत 300 व्होल्टच्या वर जातात आणि टीव्ही, फ्रिज जळतात. मे महिन्यात रात्री 11 ला चारही तारांवर क्लँप मीटर लावा, मग घरं आणि चार्जर फेजवार हलवा.

बसबार: चार्जरची ओळ वेगळी केली, फेजवार तक्ताही जोडतो. घरांसाठी मात्र 0.4 च ठेवणार. तासवार हिशोबातले साठ टक्के आणि निम्मे हेही शेवटी अंदाजच आहेत.