मदत हवी आहे: पग एकटा राहत नाही, धाप लागते

आमचा पग (चपट्या नाकाचा छोटा कुत्रा) 4 वर्षांचा, 11 किलो (जास्तच आहे, डाएट सुरू आहे). पुण्यात फ्लॅट, दिवसा घरी कोणी नसतं. दार लागलं की भुंकणं, येरझाऱ्या, मग घरघरत धाप. कॅमेऱ्यात जीभ जांभळट दिसली, तेव्हापासून शेजारच्या काकू सांभाळतात. पण त्या पुढच्या महिन्यात लेकीकडे जाणार.

हृदय ठीक आहे. नाकपुड्या अरुंद, मऊ टाळू (टाळूचा घशाकडचा भाग) लांब, त्यामुळे श्वास अडतो. व्हेटनी ऑपरेशन सुचवलंय. भीतीसाठी फ्लुओक्सेटीन हे औषधही, पण त्याचा परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे. तोवर गुंगीचं काही दिलं तर घशाचे स्नायू सैल पडून श्वास आणखी अडेल, ही धास्ती.

एसी, पट्ट्याऐवजी हार्नेस, थोडा-थोडा वेळ बाहेर जाऊन येणं, सगळं चालू आहे. गोठवलेलं दही भरलेल्या खेळण्याला आम्ही नसताना तोंडही लावत नाही. पिंजऱ्यात जास्तच घाबरतो. आणि ‘रडू दे, सवय होईल’ हे कृपया नको. लॅब्रॅडोरला चालत असेल, याचा श्वास अडकतो.

ज्यांच्याकडे असा चपट्या नाकाचा कुत्रा आहे त्यांनी आधी ऑपरेशन केलं की आधी औषध सुरू केलं? आणि श्वास मोकळा झाल्यावर एकटं राहण्याची भीती कमी झाली का?